जयस्तंभाचा खड्डा

खूप खूप जुन्या काळची ही गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा नकाशे काढणारे चितारी किनारा संपला की कुंचला धुऊन ठेवायचे. पुढे नुसतं पाणी, आणि पाण्यात काढायचं तरी काय?

तर लहानथोरहो, त्या काळी समुद्रकाठी एक भरभराटीचं राज्य होतं. तिथला राजा तरुण होता, शूर होता आणि नाराज होता.

नाराज कशापायी? त्याच्या आजोबांनी डोंगरापलीकडचा मुलूख जिंकला होता. वडिलांनी खाडीच्या दोन्ही तीरांवर किल्ले उभारले होते. राजवाड्यात एक लांबलचक कीर्तिमंडप होता आणि त्याच्या भिंतींवर देशोदेशीच्या थोर माणसांच्या कथा कोरलेल्या होत्या. कुणी वाळवंट पायी ओलांडलं होतं. कुणी ग्रहांची चाल ओळखली होती. कुणी भांडणाऱ्या राजांना एकाच पंगतीला बसवून युद्ध टाळलं होतं. राजा रोज त्या मंडपातून फेरी मारायचा आणि बाहेर पडताना त्याचं तोंड उतरलेलं असायचं.

“पहिल्यांदा करण्यासारखं जे जे होतं, ते सगळं लोक करून बसले,” तो म्हणायचा. “माझ्यासाठी कुणी काही ठेवलंच नाही.”

एके दिवशी त्यानं आपल्या दर्यासारंगाला बोलावणं धाडलं. दर्यासारंग म्हणजे आरमाराचा प्रमुख. त्याचं नाव हरबाजी. वय पन्नाशीला टेकलेलं, अंग उन्हानं रापलेलं, आणि सूर्याकडे बघून बघून उजवा डोळा कायम थोडा मिटलेला. पाण्याच्या रंगावरून तळाशी वाळू आहे की खडक, हे तो काठावर उभा राहून सांगायचा. सगळं बंदर त्याला मान देत असे. पण त्याच्याही मनात एक सल होता. आयुष्यभर तो जिथे जिथे गेला, तिथे आधीच कुणीतरी जाळी वाळत घालून बसलेलं असायचं.

राजानं त्याला अंगणात नेलं. तिथे काळ्याशार दगडाचा एक स्तंभ आडवा ठेवलेला होता. आरशासारखा घोटलेला, दोन पुरुष उंच. त्यावर सोन्याच्या मुलाम्यात अक्षरं कोरली होती.

“वाच,” राजा म्हणाला.

हरबाजीनं वाचलं. “या भूमीवर पहिलं पाऊल आमचं पडलं. म्हणून ही भूमी आमची.”

“नकाशा जिथे संपतो, त्याच्या पुढे जा,” राजा म्हणाला. “एखादी भूमी असेलच. तिथे हा स्तंभ रोव आणि परत ये. माझं नाव स्तंभावर राहील, तुझं मंडपात. सारंग, माणूस याहून जास्त काय मागतो?”

हरबाजीच्या छातीत भरतीचं पाणी चढावं तसं काहीतरी चढलं. तो वाकला आणि म्हणाला, “महाराज, जमीन असेल तर मी तिला गाठीन.”

चांगला वारा बघून त्याचं गलबत निघालं. सोबत नागू तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. हरबाजीबरोबर त्यानं कितीतरी वादळं पाहिली होती. नागू बोलायला फटकळ, पण जिवाला जीव देणारा. गलबताच्या पोटात तो काळा स्तंभ दोरखंडांनी घट्ट बांधून ठेवला होता.

ओळखीच्या समुद्राच्या शेवटी मसाल्याची बेटं होती. तिथे त्यांनी पिंपांत पाणी भरून घेतलं आणि सेनू नावाच्या बाईला दुभाषी म्हणून सोबत घेतलं. सेनू लवंगा विकायची. दूरदूरच्या होड्यांशी व्यवहार करून तिच्या जिभेवर बऱ्याच भाषा बसल्या होत्या.

“पलीकडे काय आहे, ठाऊक आहे का तुला?” हरबाजीनं तिला विचारलं.

“मला कसं ठाऊक असणार, सारंगदादा? मी गेले नाही,” सेनू म्हणाली. “पण तिकडून लोक येतात एवढं ठाऊक आहे.”

हरबाजीनं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

मग किनारा दिसेनासा झाला आणि समुद्रानं आपलं खरं रूप दाखवायला सुरुवात केली. एका सकाळी गलबताच्या दोन्ही बाजूंना डोंगर उगवले. काळे, ओले, श्वास घेणारे डोंगर. ते देवमासे होते. त्यांच्या उच्छ्वासाचे तुषार शिडांवर पडत होते. एका माशाचा डोळा पाण्याबाहेर आला आणि त्यानं हरबाजीकडे पाहिलं. शांतपणे, सावकाश, जसा एखादा म्हातारा माणूस दारासमोरून जाणाऱ्याकडे बघतो तसा. खलाशांनी हात जोडले. हरबाजीनंही जोडले.

त्यानंतर वारा पडला. शिडं ओल्या कपड्यांसारखी लोंबू लागली. समुद्र तेलासारखा गुळगुळीत झाला. पिंपांतलं पाणी खाली खाली जाऊ लागलं, तसा प्रत्येकाच्या वाट्याचा गडू अर्ध्यावर आला. ओठ फुटले. हरबाजी आजवर जे जे शिकला होता ते सगळं त्यानं वापरून पाहिलं. वाऱ्याची झुळूकही आली नाही.

“सारंग, जमीनबिमीन काही नाही,” नागू एका दुपारी म्हणाला. “चितारी म्हणतात ते खरं आहे. पुढे पाणी, आणि पाण्यापुढे पाणीच.”

हरबाजी उत्तर देणार, तेवढ्यात डोलकाठीवरचा माणूस ओरडला. “होडी!”

सगळे कठड्याकडे धावले. त्या अफाट, मोकळ्या समुद्रात, जिथे होडी असण्याचं काही कारणच नव्हतं, तिथे एक होडी होती. खरं तर त्या दोन होड्या होत्या, आडव्या वाशांनी एकमेकींना बांधलेल्या, मध्ये विणलेल्या चटईचं शीड. दोन धिप्पाड पुरुष वल्ही मारत होते. आणि होडीत एक म्हातारी उताणी पडली होती, डोळे मिटून, एक हात पाण्यात सोडून.

होडी जवळ आली. म्हातारी उठून बसली. तिनं एवढ्या मोठ्या गलबताकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काहीतरी विचारलं.

सेनूच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण तिनं ते दाबलं. “ती विचारतेय, तुम्ही हरवलात का?”

हरबाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “तिला सांग, आम्ही हरवलो नाही. आम्ही शोध घ्यायला निघालोय.”

“कशाचा?”

“जमिनीचा.”

म्हातारीनं भुवया उंचावल्या. “जमीन कुठे हरवलीय?” ती म्हणाली. “होती तिथंच आहे.”

तिचं नाव ओराई. ती आणि तिचे दोन भाचे घरी परतत होते. बहिणीची मुलगी पलीकडच्या बेटावर बाळंत झाली होती, तिला बघायला म्हणून ती गेली होती. ज्या समुद्राला तो जगाचा शेवट समजत होता, तो ही बाई बाळंतिणीला भेटायला ओलांडत होती.

“हात पाण्यात कशाला सोडला होतास, आजी?” त्यानं न राहवून विचारलं.

“आमच्या डोंगरावर लाट आपटते आणि परत फिरते,” ओराई म्हणाली. “परतीची लाट बारीक असते. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. म्हणजे घर त्या बाजूला.”

तिनं त्यांना शहाळी दिली. मग आपल्या होडीमागून वल्ही मारत यायला सांगितलं. सूर्य कलायच्या आत त्यांना वारा लागला, आणि काही दिवसांनी क्षितिजावरच्या एका ढगाचं पोट हिरवं दिसू लागलं. ढगाखाली डोंगर होता. डोंगरावरून धबधबा थेट समुद्रात कोसळत होता. त्याच्या तुषारांत लाल पिसांचे पक्षी भिरभिरत होते. नागूसारखा माणूस, पण त्याचेही डोळे भरून आले.

बेटावरच्या लोकांनी पाहुण्यांना भाजलेले मासे दिले, गोड कंदमुळं दिली, झोपायला चटया दिल्या. कोण, कुठले, कशाला आलात, हे विचारायची कुणी घाई केली नाही.

पण हरबाजीला घाई होती. तो मनाशी म्हणत होता, ही भूमी आपल्या कुठल्याही नकाशात नाही. म्हणजे ती आपणच शोधली. इथे माणसं आहेत खरी, पण ती इथलीच आहेत, जशी झाडं असतात, पक्षी असतात. त्यांना कुठे पहिलं पाऊल टाकावं लागलं?

हा विचार त्याला त्या दिवशी अगदी सरळ वाटला. लहानथोरहो, चुकीचे विचार बहुधा सरळच वाटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी खलाशांनी तो स्तंभ गलबतातून बाहेर काढला. समुद्रात घुसलेलं एक टेकाड होतं, लांबून दिसणारं. तिथे स्तंभ रोवायचं ठरलं. पाहुण्यांना काहीतरी जड न्यायचं आहे हे पाहून गावातले लोक मदतीला आले. त्यांनीच लाकडाचे ओंडके आणले, त्यांनीच दोरखंडांना हात लावले. गाणं म्हणत त्यांनी तो स्तंभ टेकाडावर चढवला.

खलाशी खणू लागले. हातभर खोल गेल्यावर कुदळीला तीन दगड लागले. मध्ये काळी राख.

“चूल आहे,” नागू म्हणाला.

ओराई जवळच एका दगडावर बसली होती. ती पुढे झुकली. “ही माझ्या आजीच्या आजीची,” ती म्हणाली. “त्या वर्षी मोठी लाट आली होती. सगळं गाव या टेकाडावर राहायला आलं. आपल्या पोरांच्या आधी तिनं अनाथ पोरांना जेवू घातलं. तिचं नाव लाहीमा.”

आजूबाजूचे सगळे लोक एका सुरात म्हणाले, “लाहीमा.”

खलाशांनी दगड उचलून कडेला ठेवले आणि पुढे खणलं. आणखी खोलवर दुसरी चूल निघाली. तिच्या राखेत शिंपल्यांचे गळ होते, इतके नाजूक की तळहातावर ठेवायची भीती वाटावी.

“हा तमार,” ओराई म्हणाली. “तेव्हा इथल्या दोन गावांत वैर होतं. पलीकडच्यांनी तमारचा मुलगा मारला. तमार एकटाच त्यांच्या गावात गेला. ज्यानं मारलं होतं, त्याच्या दारात बसला आणि म्हणाला, ‘माझं घर रिकामं झालंय. तुझा एक मुलगा मला दे. मी त्याला वाढवीन.’”

“मग?” हरबाजीनं विचारलं. त्याला कळलंही नाही, की तो खड्ड्याच्या काठावर खाली बसला होता.

“त्यानं दिला. तमारनं त्याला मासे धरायला शिकवलं. तोच मुलगा पुढे दोन्ही गावांचा मुखिया झाला. त्यानंतर इथे वैर नाही.”

“तमार,” लोक म्हणाले. एक लहान मूलही म्हणालं, बोबड्या आवाजात.

हरबाजीला कीर्तिमंडप आठवला. भांडणाऱ्या राजांना एका पंगतीला बसवणाऱ्याची कथा त्यानं तिथे पाहिली होती आणि त्याला वाटलं होतं, जगात असा माणूस एकदाच झाला. आज समुद्राच्या टोकाला तसाच एक त्याला भेटत होता, एका राखेच्या ढिगात.

पुढे मातीचा रंग बदलला. राखाडी, भुसभुशीत थर लागला. त्यात काहीच नव्हतं. ना चूल, ना गळ, ना हाडूक.

“इथे कुणीच नाही,” नागू म्हणाला.

“हो. तेव्हा डोंगर फुटला,” ओराई म्हणाली. “आकाशातून राख पडली. सगळे होड्यांत बसून निघून गेले. दुसऱ्या बेटावर म्हातारे झाले, तिथेच वारले. पण मरायच्या आधी त्यांनी नातवंडांना ताऱ्यांच्या खुणा सांगून ठेवल्या. नातवंडांनी हे बेट कधी पाहिलंच नव्हतं. तरी ती आली. बरोबर आली.”

वर तारे, खाली समुद्र, आणि मध्ये ती पोरं, न पाहिलेल्या घराकडे निघालेली. हरबाजीनं स्वतः आयुष्यभर दर्या कापला होता, म्हणून त्याला त्या प्रवासाची किंमत कळली. त्यानं डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली.

राखाडी थराखाली, अगदी तळाशी, एक खापर सापडलं. मडक्याचा जाड तुकडा. हरबाजी स्वतः खाली उतरला आणि तो त्यानं हातात घेतला. खापर बाहेरून लालसर होतं आणि आतून काळं.

“हे उलटं कसं?” तो म्हणाला. “चुलीवरचं मडकं बाहेरून काळं होतं.”

“त्यात अन्न शिजत नव्हतं,” ओराई हळूच म्हणाली. तीही उभी राहिली होती. सगळेच उभे राहिले होते. “त्यात विस्तव होता. वायमा तो होडीत मांडीवर घेऊन बसली होती, सगळा समुद्र ओलांडून होईपर्यंत. तिचे तळहात भाजले. लाटा वरून येत होत्या, तर तिनं स्वतःची पाठ पुढे केली. ती जमिनीवर उतरली तेव्हा विस्तव जिवंत होता. आज सकाळी तुम्ही मासे खाल्लेत ना? ते त्याच विस्तवावर भाजले. तो अजून विझलेला नाही; राख पडली तेव्हा तो होड्यांतून सोबत गेला आणि नातवंडांबरोबर परत आला.”

“वायमा,” लोक म्हणाले. यावेळी फार हळू आवाजात.

हरबाजीनं खापर ओंजळीत धरलं. “म्हणजे पहिलं पाऊल तिचं,” तो म्हणाला.

सेनूनं ते ओराईला सांगितलं, तशी म्हातारी हसली. “ती आली तेव्हा झाडांवर पक्षी होते, बाबा. पहिलं कोण, ते त्यांना विचार.”

मग तिचं लक्ष स्तंभाकडे गेलं. “आता सांग, तुझ्या या सुंदर दगडावर काय लिहिलंय?”

सेनूनं हरबाजीकडे पाहिलं. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती. तो जे सांगेल तेच ती पुढे सांगणार होती. राजाचा आशीर्वाद लिहिलाय, असं त्यानं म्हटलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवून स्तंभ उभा केला असता.

नागू त्याच्या कानाशी लागला. “सारंग, काहीतरी गोड सांगा आणि मोकळे व्हा. स्तंभ न रोवता परत गेलो तर आपली डोकी जातील.”

हरबाजीनं खापराकडे पाहिलं. मग जसं होतं तसं सांगितलं. “लिहिलंय की या भूमीवर पहिलं पाऊल आमचं. म्हणून ही भूमी आमची.”

सेनूनं ते सांगताना आवाज खाली आणला. आधी काही लोक हसले. त्यांना वाटलं पाहुण्यानं गंमत केली. मग हसू विरलं.

ओराईनं विचारलं, “तुला हे खरं वाटतं?”

“काल वाटत होतं,” हरबाजी म्हणाला.

त्यानं खापर तळाशी जिथे होतं तिथे ठेवलं. त्यावर राखाडी माती सारली. त्यावर तमारची चूल मांडली, त्यावर लाहीमाची. खलाशांना न सांगता तो एकटाच माती ओढत होता. नागू थोडा वेळ बघत राहिला, मग पुटपुटत त्यानंही फावडं हाती घेतलं.

“स्तंभ इथेच समुद्रात टाकू,” परतीच्या दिवशी नागू म्हणाला. “महाराजांना सांगू, रोवला. कोण बघायला येतंय?”

“मी त्यांना कधी खोटी दिशा सांगितली नाही, नागू. आता या वयात काय सांगायची?”

आणि स्तंभ पुन्हा गलबताच्या पोटात गेला.

राजानं त्यांच्या स्वागताला तोरणं बांधली होती, नगारे ठेवले होते. पण स्तंभ परत आलेला दिसताच नगारे थांबले. भरल्या दरबारात हरबाजीनं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही.

राजाचा चेहरा लाल झाला. “मी तुला मालक म्हणून पाठवलं होतं. तू कोण म्हणून गेलास?”

“पाहुणा म्हणून, महाराज. दुसरं काही होण्यासारखं तिथे नव्हतं.”

“आणि चार खापरं पाहून माझी आज्ञा मोडलीस! परक्यांच्या चुली पाहून!” राजा सिंहासनावरून उठला. “ठीक आहे. स्तंभ इथेच रोवा, माझ्या अंगणात. इथे तरी पहिलं पाऊल आमचंच आहे ना?” त्यानं राजपंडितांकडे पाहिलं.

“निःसंशय, महाराज,” राजपंडित म्हणाले. “आपल्या मूळपुरुषानं इथलं अरण्य तोडलं. त्याआधी इथे मनुष्यवस्ती नव्हती.”

“ऐकलंस? खड्डा तूच खणायचा. आणि स्तंभ उभा राहिला, की त्याच्याच पायाशी तुझा शिरच्छेद.”

हरबाजीनं दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ उचलली. सगळा दरबार, सगळं गाव अंगणाभोवती जमलं होतं. त्याचा पहिला घाव पडतो न पडतो, तोच गर्दीतून नागू तांडेल पुढे आला आणि त्याच्या शेजारी खणू लागला.

आधी पणत्यांचे तुकडे निघाले. “माझ्या आजोबांच्या राज्यारोहणाचे,” राजा समाधानानं म्हणाला. मग दगडी फरशी लागली. “ही मूळपुरुषाची,” राजपंडित म्हणाले.

फरशी उचलली. तिच्याखाली विटा निघाल्या. रुंद आणि पातळ विटा, तशा त्या राज्यात कुणी भाजत नव्हतं. राजपंडितांनी एक वीट उचलून उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली.

विटांच्या खाली मातीचा एक बैल मिळाला, पायांना चाकं असलेला, एक शिंग मोडलेलं. कुठल्यातरी पोराचं खेळणं. हरबाजीनं तो पुसून खड्ड्याच्या काठावर ठेवला. गर्दीतली एक बाई उगीचच रडू लागली.

त्याखाली एक पाटा निघाला. वाटून वाटून मधोमध खोलगट झालेला. आणि सगळ्यात खाली, ओलसर मातीत, तीन दगड आणि त्यांच्यामध्ये काळी राख.



राजा खड्ड्यात उतरला. पायातले जोडे काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं ते काठावरच काढून ठेवले. तो पाट्यापाशी बसला. त्या खोलगट जागेत त्यानं हात ठेवला, तर पंजा अगदी नीट बसला. एवढी खोली पडायला किती आयुष्यं लागली असतील? किती सकाळी, किती बायका, किती भुकेली घरं?

“कोण होते हे?” त्यानं वर पाहून विचारलं.

“पोथ्यांत नाही, महाराज,” राजपंडित म्हणाले. राजानं गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारलं. त्यानं मान हलवली. त्यानं भाटांना विचारलं, कुंभारांना विचारलं, कोळ्यांना विचारलं. त्या एवढ्या मोठ्या राज्यात, जिथे भिंतीभिंतींवर थोरांच्या कथा कोरल्या होत्या, तिथे या माणसांचं एकही नाव कुणाला येत नव्हतं.

“सारंग,” राजा म्हणाला. त्याच्या आवाजातला राग कुठे गेला होता, त्यालाही कळलं नसेल. “त्या बेटावरच्या चुली कुणाच्या होत्या म्हणालास?”

“लाहीमाची,” हरबाजी म्हणाला. “तमारची. आणि तळाशी वायमाचा विस्तव.”

“त्यांना ठाऊक आहे,” राजा म्हणाला. “आणि आम्ही आपल्याच अंगणात परके आहोत.”

त्या दिवशी शिरच्छेद झाला नाही. स्तंभ उभा राहिला नाही. राजानं त्यावरची अक्षरं घासून काढायला लावली आणि तो गुळगुळीत दगड खड्ड्यात उतरणाऱ्या वाटेची पायरी म्हणून बसवला. खड्डा बुजवायचा नाही, असा हुकूम निघाला. मातीचा बैल, पाटा, चूल, सगळं जिथलं तिथे राहिलं. गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलावून, ज्याला जे आठवेल ते पुढच्या पिढीला तोंडपाठ करून द्यायची रीत सुरू झाली. पुष्कळ हरवलं होतं, पण सगळंच हरवलं नव्हतं.

हरबाजी पुढेही समुद्रापार गेला, अनेकदा. प्रत्येक नव्या किनाऱ्यावर उतरल्यावर तो एकच प्रश्न विचारायचा, “इथे आधी कोण कोण होऊन गेलं?” आणि लोक सांगू लागले की पगडी मांडीवर घेऊन ऐकत बसायचा.

त्या राज्यात मग असा प्रघात पडला, की नवा राजा सिंहासनावर बसण्याआधी अनवाणी त्या खड्ड्यात उतरे, तळाच्या चुलीसमोर वाके आणि मगच मुकुट घाली. असं म्हणतात, की त्या खड्ड्यातून वर आलेल्या एकाही राजानं दुसऱ्याच्या भूमीवर आपलं नाव कोरायला माणूस पाठवला नाही.

बोध एवढाच: एखादी जागा आपण पहिल्यांदा पाहिली, म्हणून तिथे पोचणारे आपण पहिले ठरत नाही, आपल्या प्रत्येक पावलाखाली कुणाची तरी चूल असते.